मिनोटॉरचा गुन्हा

आंत्वान-लुई बारी या फ्रेंच शिल्पकाराचे ‘थिसियस आणि मिनोटॉर’ हे १८४३ सालचे ब्राँझ जेमतेम दीड फूट उंचीचे आहे. त्याच्या अनेक प्रती निघाल्या. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत त्या आहेत. सौंदर्यवादी समीक्षेचे अशा शिल्पाबद्दलचे कौतुक ठरलेले असते : ग्रीक संयम, आकाराची शुद्धता, पशुत्वावर बुद्धीचा विजय. आकाराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘पशुत्व’ या शब्दाबद्दल. हा शब्द आपल्या बापजाद्यांनी फार ऐकला आहे.

शिल्प नीट पाहावे. थिसियस ताठ उभा आहे, हातातली आखूड तलवार खाली उतरण्याच्या बेतात. चेहऱ्यावर ना राग, ना श्रम. जणू रोजचे काम उरकतो आहे. बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर मात्र सगळ्या देहानिशी झुंजतो आहे, अंगाला अंग भिडवून. बारीने पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात जनावरे रेखाटण्यात वर्षे घालवली होती. मेलेल्या सिंहाचा देह त्याने आणि देलाक्र्वाने मिळून अभ्यासला होता. ती सगळी जाण मरणाऱ्याच्या वाट्याला आली आहे. मारणाऱ्याला त्याने मुखवटा दिला आणि मरणाऱ्याला जीव. हे त्याने जाणून केले असे मी म्हणत नाही. पण हात खोटे बोललेला नाही, आणि या शिल्पाचे मोठेपण मला तिथेच दिसते.

आता गुन्हा कोणाचा ते पाहू. समुद्रदेव पोसायडनने बळी देण्यासाठी पाठवलेला बैल क्रीटचा राजा मायनॉस याने लोभाने ठेवून घेतला. देवाने शिक्षा म्हणून राणीला त्या बैलाच्या मोहात पाडले. त्यातून जे मूल झाले त्याचे नाव ॲस्टेरियन. हे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. ‘मिनोटॉर’ म्हणजे नुसता ‘मायनॉसचा बैल’. लोभ राजाचा, सूड देवाचा आणि चक्रव्यूहात कोंडला गेला तो जन्माला आलेला. तो माणसे खात असे, हे खरे. पण अथेन्सची सात मुले आणि सात मुली त्याच्यापुढे ढकलत होता तो मायनॉसच. आणि ही कथा आपल्यापर्यंत आली ती मारणाऱ्याच्या गावाकडून, अथेन्सकडून.

जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त म्हसोबाला बळीच्या राज्यातला महासुभा म्हटले. व्युत्पत्ती पंडितांना पटो न पटो, वाचण्याची रीत पक्की आहे : पोथीने ज्याला राक्षस ठरवले त्याच्या बाजूने उभे राहून पोथी वाचायची. क्रीटमध्ये अस्पृश्यता होती असा माझा दावा नाही. पण जन्म हाच गुन्हा आणि कोंडवाडा हाच न्याय, हे गणित आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

बारीचीही कथा सुखाची नाही. १८४८ साली त्याचे दिवाळे निघाले आणि त्याचे साचे धनकोंच्या हाती गेले. त्याच्या मृत्यूनंतर (१८७५) बार्बेदियेन या कारखानदाराने त्यांतले पुष्कळ साचे विकत घेऊन प्रती काढल्या. त्या प्रतींवर दोन नावे असतात, शिल्पकाराचे आणि कारखानदाराचे. भट्टीपाशी धातू ओतणाऱ्याचे नाही, आणि ओतकामानंतर छिन्नी-कानस घेऊन मिनोटॉरच्या अंगावरचा एकेक स्नायू साफ करणाऱ्याचेही नाही.