ग्राफ देखणा करण्याआधी: चॅलेंजरचा धडा

ग्राफ ‘सुधारायचा’ म्हटलं की आपण आधी रंग बदलतो. खरी चूक बऱ्याचदा त्याआधीच झालेली असते: ग्राफमध्ये कोणते बिंदू घेतले? मीही एका प्रोग्रेस प्रेझेंटेशनमध्ये फक्त ‘चांगली’ रीडिंग्ज दाखवली होती. “बाकीची कुठे गेली?” या प्रश्नावर गप्प बसावं लागलं.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाचा अपघात झाला, सातही अंतराळवीर गेले. थंडीमुळे बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंगने नीट सील केलं नाही. आदल्या रात्री चर्चा झाली ती ओ-रिंगला इजा झालेल्या उड्डाणांवर. त्यात तापमानाचा ठोस कल दिसेना. नंतर रॉजर्स आयोगाने इजा न झालेली उड्डाणंही सोबत मांडली आणि चित्र पालटलं: ६५ अंश फॅरनहाइटखालच्या चारही उड्डाणांत इजा, त्यावरच्या २० पैकी फक्त ३ मध्ये.

एडवर्ड टफ्टी यांनी १९९७ च्या ‘व्हिज्युअल एक्स्प्लनेशन्स’मध्ये हा ग्राफ नव्याने काढला. आडवा अक्ष त्या सकाळच्या अंदाजित तापमानापर्यंत नेला. मधली मोठी रिकामी जागाच सांगते की इतक्या थंडीत कधी उडालोच नव्हतो. हे अप्रतिम आहे.

पण टफ्टी सगळा भार इंजिनिअरांच्या मांडणीवर टाकतात, ते मला पटत नाही. उड्डाण नको, असं त्यांनी सांगितलं होतं. वरच्यांनी ते डावललं. ग्राफ दाखवू शकतो, ऐकायला लावू शकत नाही.

आपल्या हातात एवढंच: वगळलेले बिंदू आधी परत आणा, रंग नंतर निवडा.