पेटीतली बाळं आणि कठड्याबाहेरचे आपण

जुनं छायाचित्र बघताना आपण नेमकं काय बघतो, या प्रश्नासाठी आज एकच उदाहरण घेतो.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये समुद्रकाठी कोनी आयलंड आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे लूना पार्क, ड्रीमलँड अशी मोठी करमणुकीची उद्यानं उभी राहिली. पाळणे, घसरगुंड्या, विजेच्या दिव्यांचा लखलखाट. आणि त्या जत्रेत एक दालन असं होतं, की पंचवीस सेंट देऊन आत जायचं आणि बघायची ती अपुऱ्या दिवसांची जिवंत बाळं. आपल्याकडे म्हणतात ना, 'बाळाला पेटीत ठेवलंय', त्या पेट्यांमधली.

या दालनाची छायाचित्रं आज पुष्कळांनी पाहिलेली असतात. काचेच्या आणि धातूच्या पेट्यांची रांग, पांढऱ्याशुभ्र पोशाखातल्या परिचारिका, पुढे एक कठडा. पहिली प्रतिक्रिया संतापाची होते. तान्ह्या लेकरांचा तमाशा मांडला! माझीही तीच झाली होती. तो संताप खोटा नाही, पण फार स्वस्तात मिळालेला आहे.

का? हे दालन चालवणाऱ्या मार्टिन कूनी यांनी १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं कोनी आयलंडवर ही बाळं सांभाळली. आईवडिलांकडून पैसा घेतला नाही. परिचारिकांचा, दूध पाजणाऱ्या दायांचा खर्च तिकिटांतून निघे. त्या काळी बहुतेक रुग्णालयांत अशा बाळांसाठी सोयच नव्हती. सुमारे आठ हजारांपैकी साडेसहा हजार बाळं वाचवली, असा कूनींचा दावा होता. बरं, म्हणून देवमाणूस समजून हात जोडावेत, तर तेही सोपं नाही. त्यांच्या वैद्यकीय पदवीचा पुरावा संशोधकांना सापडलेला नाही.

कांट सांगतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. वर्गात शिकवताना त्यातला 'केवळ' हा शब्द मी बरीच वर्षं घाईत ओलांडून गेलो. इथे सगळा भार त्याच्यावर आहे. बाळं प्रेक्षक खेचण्याचं साधन होती, हे खरं. पण तो पैसा त्यांनाच जगवण्यासाठी खर्च होत होता. आता दुसरी बाजू बघा. बाळ किती चिमुकलं आहे हे दाखवायला तिथली मुख्य परिचारिका आपली अंगठी त्याच्या मनगटात घालून दाखवी. त्या अंगठीने बाळाचा श्वास वाढत नव्हता. तिथे तो 'केवळ' डळमळतो.

रोलां बार्थ यांनी 'कॅमेरा ल्युसिडा'मध्ये १८६५ सालच्या एका फाशीच्या कैद्याच्या छायाचित्राबद्दल लिहिलं आहे. त्यांना त्यात येणारा मृत्यू आणि होऊन गेलेला मृत्यू एकदमच दिसतो. कूनींच्या बाळांपुढे हा विचार उलटा फिरतो. मरणाच्या दारात टिपलेली यांतली पुष्कळ माणसं पुढे म्हातारी झाली. छायाचित्रात मात्र याची खूणही नाही.

आणखी एक गोष्ट त्यात नाही, आणि माझा आजचा मुद्दा तोच आहे. ज्या रुग्णालयांत या बाळांना जागा नव्हती, त्यांचे दरवाजे चौकटीबाहेर राहिले. न केलेल्या कामाचं छायाचित्र निघत नाही. मग जो समोर दिसतो त्यालाच आपण आरोपी करतो. समीक्षकाने चौकटीतलं तर बघावंच, पण चौकटीने कोणाला वाचवलं आहे तेही विचारावं.

ड्रीमलँड २७ मे १९११ रोजी जळून गेलं, बाळं सुखरूप बाहेर काढली गेली. रुग्णालयांत स्वतंत्र कक्ष सुरू होऊ लागले, तेव्हा १९४३ साली कूनींनी आपलं दालन बंद केलं. ते मिटलं, कारण त्याची गरज मिटत आली होती.

कठड्याशी उभ्या असलेल्या त्या बघ्यांना आपण हसतो. पण त्यांच्या पंचवीस सेंटांतून दूध येत होतं. आपण फुकट बघतो, आणि वर निवाडाही देतो.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.