अहवाल आणि एक आंकडा

न्यूझीलंडांतील निवडणूकपद्धतीचा विचार करण्यासाठीं न्यायमूर्ति जॉन वॉलेस यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या रॉयल कमिशनचा ‘टुवर्ड्स अ बेटर डेमॉक्रसी’ हा अहवाल १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल ग्रंथ म्हणून वाचण्याची चाल आपणांकडे नाहीं. पण हा अहवाल तसा वाचण्याच्या योग्यतेचा आहे, असें आमचें मत आहे.

कमिशननें आधीं दहा कसोट्या ठरविल्या व मग निरनिराळ्या पद्धति त्यांवर पारखून पाहिल्या. चौकशीस कारणही सबळ होतें. १९७८ व १९८१ या दोन्ही निवडणुकांत मजूर पक्षास अधिक मतें पडूनही अधिकार नॅशनल पक्षाकडेच राहिला. १९८१ सालीं सोशल क्रेडिट पक्षास शेंकडा वीसांहून अधिक मतें मिळालीं, आणि जागा मात्र ९२ पैकीं दोनच! म्हणून कमिशननें जर्मनीच्या धर्तीची मिश्र पद्धति सुचविली. तींत मतदाराचें एक मत उमेदवारास, दुसरें पक्षास. आणि पक्षाचें सभागृहांतील बळ या दुसऱ्या मतांच्या प्रमाणांत. १९९३ च्या सार्वमतांत जनतेनें ही पद्धति मान्य केली.

कायदा करतांना सूचनांत जे फेरबदल झाले, त्यांतील दोन विचारणीय आहेत. १८६७ पासून चालत आलेल्या माओरी लोकांच्या राखीव जागा रद्द कराव्या, असें कमिशनचें म्हणणें होतें. त्या कायम राहिल्या, हें योग्यच झालें. प्रमाणाचा हिशेब बरोबर जुळला म्हणजे एका समाजाचा जुना हक्क आपोआप सांभाळला जातो, हें अहवालाचें गृहीत आम्हांस पटत नाहीं.

दुसरा फेरबदल मात्र मोठ्या पक्षांच्या सोयीचा होता. प्रवेशास शेंकडा चार मतें पुरेशीं मानावीं, असें कमिशननें सुचविलें होतें. कायद्यानें पांच ठरविलीं. परिणाम २००८ सालीं दिसला. न्यूझीलंड फर्स्ट पक्षास शेंकडा ४.०७ मतें पडलीं, जागा एकही नाहीं. अ‍ॅक्ट पक्षास ३.६५ च मतें पडलीं, तरी पांच जागा लाभल्या. कारण एक मतदारसंघ जिंकणाऱ्या पक्षास ही अट लागू नाहीं. २०१२ सालीं तेथील निवडणूक आयोगानें अट चारावर आणून ही सवलत काढून टाकावी, अशी शिफारस केली. पक्षांचें एकमत नाहीं, या सबबीवर सरकारनें ती बाजूस ठेविली.

ज्यांस निवडून यावयाचें, त्यांनींच प्रवेशाची अट ठरवावी व त्यांच्याच संमतीवांचून ती बदलूं नये, ही व्यवस्था अहवालाच्या दहाही कसोट्यांचें तेज कमी करिते. निवडणूकसुधारणेचा विचार करणाऱ्यानें हा अहवाल अवश्य वाचावा. आणि तो मिटल्यावर कायद्यांतील आंकडेही तितक्याच काळजीनें वाचावे.