आवाज न चढवता घेतलेली उलटतपासणी

टेबलावर हात आपटणारा वकील, घाम फुटलेला साक्षीदार आणि शेवटी कबुली. उलटतपासणीचं हे फिल्मी चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014) बघताना 'यात काही घडतच नाही' असं वाटू शकतं. माझ्या मते मी पाहिलेली सगळ्यात धारदार उलटतपासणी याच सिनेमात आहे.

लोकशाहीर नारायण कांबळेवर (वीरा साथीदार) आरोप आहे, की त्याचं गाणं ऐकून एका गटार कामगाराने आत्महत्या केली. कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. बचावाचा वकील वोरा तिला नवऱ्याच्या कामाबद्दल साधे प्रश्न विचारतो. उत्तरांतून कळतं, की सुरक्षेचं साहित्य नव्हतंच. वास सहन व्हावा म्हणून तो पिऊन उतरायचा. आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं, तर हवा आहे असं समजायचं. आतल्या वायूने त्याचा एक डोळाही गेला होता. बाई कुणावर आरोप करत नाही, पण आत्महत्येची गोष्ट तिथेच ढासळते.

उलटतपासणीत सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर आधीच आत भरलेले प्रश्न, चालतात. 1872च्या पुरावा कायद्यात ही मुभा होती, 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये प्रश्न बेणारेला घेरतात. 'कोर्ट'मध्ये तेच हत्यार एका बाईला बोलायला जागा करून देतं.

सिनेमाची खरी ताकद मात्र मला नोंदीत दिसते. साक्षीदार मराठीत बोलतो आणि न्यायाधीश त्याचं सार टंकलेखकाला इंग्रजीत सांगतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे लॉगमध्ये नसलेली गोष्ट सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. अपिलातही वरच्या कोर्टापुढे जातो तो कागद. बाईचा आवाज आणि तिचं थांबणं जात नाही.

मी सेमाडोहचा. आमच्या मेळघाटात अनेकांची मायबोली कोरकू. ती मुंडा कुळातली, मराठीपासून पार वेगळी. इथली एखादी बाई साक्षीला उभी राहिली, तर तिचं उत्तर आधी दुभाष्याच्या तोंडून जाणार, मग कागदावर उतरणार. वोरासारखा वकील मिळाला आणि प्रश्न अचूक असला, तरी खडा आणि झुरळ त्या कागदापर्यंत पोचतील का? 'कोर्ट' मुंबईबाहेरच्या या बाईपर्यंत येत नाही, पण तिच्याबद्दलचा हा प्रश्न मला त्यानेच दिला.