रक्तातली समृद्ध अडगळ

‘अर्जंट रक्त हवंय’ हा व्हॉट्सॲप मेसेज आता एक लेखनप्रकारच झालाय. रक्तगट, हॉस्पिटल, किती पिशव्या आणि एक फोन नंबर, अशा चार ओळींत तो संपतो. त्यात जात, कूळ किंवा गाव नसतं. पण त्याच ग्रुपवर जरा वर सरकलं की ‘समाजाचा भव्य वधू-वर परिचय मेळावा’ असं पोस्टर दिसतं, आणि तिथे रक्ताचा अर्थ एकदम बदलतो. पिशवीतलं रक्त कुणाचंही चालतं, मांडवातलं मात्र ‘आपलंच’ लागतं. जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही फोनमध्ये ही दोन्ही रक्तं शेजारी शेजारी असतात. मराठी साहित्याने आणि संस्कृतीने यातल्या कुठल्या रक्ताला भाषा दिली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

भाषेच्या बाबतीत रक्त आपल्याकडे कधी कमी पडलेलं नाही. ते सळसळतं, आटतं, उसळतं. त्याचं पाणी होतं, नातं होतं, सूड होतो. पण हे वाक्प्रचार जरा बाजूला काढून पाहिले तर त्यांचे ढोबळ तीनच ढीग होतात: वंशाचं रक्त, शौर्याचं रक्त आणि विटाळाचं रक्त.

शौर्याचं रक्त खानदेशाला चांगलं ठाऊक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे साथीदार गेले. त्याआधी १८५८ साली सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांनी इंग्रजी फौजेशी लढाई दिली. सांडलेल्या रक्तासाठी आपल्याकडे हुतात्मा, स्मारक, पोवाडा असे शब्द आणि प्रकार तयार असतात. जे रक्त सांडत नाही, अंगातच मोडत राहतं, त्याच्यासाठी काय आहे?

शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या आणि १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग असलेल्या नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात असं रक्त आहे. भिल्ल, पावरा आणि इतर जमातींत सिकलसेल हा आजार आढळतो. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा ग्लोबिन नावाची १४६ दुव्यांची साखळी असते. तिच्या सहाव्या दुव्यावर ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, बदल एवढाच. कोडमध्ये एक अक्षर बदलावं तसा. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की गोल, लवचिक तांबडी पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. साधी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात वेदनेचे झटके येतात. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही.

हे अक्षर टिकलं कसं? कारण सिकलची एकच प्रत असलेल्या माणसाला मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखवून दिलं. जंगल, डास आणि ताप यांच्या मुलखात हा बदल म्हणजे पिढ्यानपिढ्या जपलं गेलेलं शस्त्र होतं. आमच्या धंद्यातली भाषा वापरायची तर हा बग आधी फीचर होता.

इथे भालचंद्र नेमाडे आठवतात. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या या लेखकाने २०१० साली आलेल्या कादंबरीला नाव दिलं, ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’. तिचा नायक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून मरणाला टेकलेल्या वडिलांकडे मोरगावला परत येतो, आणि वारसा म्हणजे काय या प्रश्नाखाली दबून जातो. कादंबरीचं मोठेपण मला तिच्या शीर्षकातच दिसतं. नेमाडे वारसा रक्तात ठेवत नाहीत, तो अडगळीत ठेवतात. चालीरीती, नाती, आठवणी, भांडणं, जे टाकवत नाही आणि सगळं वापरातही नाही, असं सामान. सिकलचा जनुक नेमका असाच आहे. तो एके काळी कामाचा होता, आज छळतो, आणि फेकता येत नाही. फरक एवढाच की खंडेरावाला आपल्या अडगळीवर शेकडो पानं बोलता येतं. तो शिकलेला आहे, घराण्याच्या कथा सांगणारी माणसं त्याच्याभोवती आहेत. सातपुड्याच्या पाड्यावरच्या पोराला आपल्या अडगळीबद्दल मिळतो तो तपासणीचा कागद.

हा कागद कसा लिहिला जातो, हा साहित्याचाच प्रश्न आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच, याबद्दल वाद नाही. वेळेवर निदान झालं तर हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने झटके कमी होतात, माणूस शिकतो, कामावर जातो. पण समुपदेशनात ‘लग्नाआधी कार्ड जुळवा’ हे वाक्य आलं की सावध व्हायला हवं. विज्ञान तिथे पत्रिकेच्या भाषेत बोलू लागतं. ऐकणाऱ्याच्या कानात जनुक राहत नाही, ‘खराब रक्त’ राहतं. आणि ते खराब रक्त कुणाच्या माथी बसतं, हे सांगायला नको. लग्न मोडतं तेव्हा दोष मुलीच्या अंगाला चिकटतो.

खरं तर सिकलसेल ‘शुद्ध रक्ता’च्या कल्पनेला उलटं करून दाखवतो. लग्नं जितकी बंद वर्तुळात, तितकी दोन वाहक समोरासमोर येण्याची शक्यता जास्त. विदर्भात हा जनुक महार, कुणबी, तेली अशा वेगवेगळ्या समाजांतही सापडतो. म्हणजे जनुकाने जात पाळलेली नाही, जात पाळली ती लग्नांनी. धुळ्यात अखेरचा श्वास घेतलेले वि. का. राजवाडे ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’मध्ये हेच तर सांगत होते की, विवाहाचे नियम अनादि नाहीत, ते काळाप्रमाणे बदलत आले. ते पुस्तक अजूनही काहींना झोंबतं ते त्यामुळेच.

विटाळाच्या रक्ताला तर सोयराबाईने चौदाव्या शतकातच उत्तर दिलं. विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा, असा तिच्या अभंगाचा सवाल आहे. हा सवाल भक्तीचा आहेच, पण मला तो तर्काचाही वाटतो. ती रक्ताला पवित्र ठरवत नाही, अपवित्रही ठरवत नाही. सगळ्यांच्या खाली तेच आहे, एवढं दाखवते. ‘खराब रक्त’ म्हणणाऱ्याला आजही हेच उत्तर पुरेल. थोड्याफार फरकाने चुकीचं अक्षर प्रत्येकाच्याच अंगात कुठे ना कुठे आहे.

मग वेदनेचं काय? दवाखान्यात विचारतात, एक ते दहामध्ये किती दुखतंय? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी, ज्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली, दुखणं कधी आकड्यात मोजलं नाही. तवा, चटका, जातं अशा हाताखालच्या वस्तूंमधून त्यांनी सोसण्याला आकार दिला. सिकलच्या झटक्यालाही असे शब्द हवेत, आणि ते प्रमाण मराठीतून येणार नाहीत. पावरी, भिलोरी, अहिराणीतून येतील. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोंगरातून आलेल्या बाईने ‘हाडं दुखतात’ म्हटलं आणि ऐकणाऱ्याला ते अंगदुखीच वाटलं, तर चुकतो तो उपचार.

शहादा भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता म्हणूनच इथे शेवटची आठवते. आदिवासींचं दुःख मंचावरचे लोक त्यांनाच सांगत राहतात, मंचावर मात्र त्यांना कुणी बोलावत नाही, एवढाच तिचा विषय. तिच्यात एकही अलंकार नाही, आणि तेच तिचं बळ आहे. सिकलसेलवरची शिबिरं, भाषणं, पोस्टरं आणि हा लेखसुद्धा त्याच मंचावर उभा आहे. या आजारावरचं चांगलं मराठी पुस्तक माझ्यासारख्याकडून यायचं नाही. आश्रमशाळेत शिकणाऱ्या, महिन्यातून दोनदा झटक्याने वर्ग बुडवणाऱ्या एखाद्या मुलीने ते लिहावं. आपलं काम इतकंच, की तिच्या कागदावर ‘निर्मूलन’ लिहिण्याआधी तिला काय म्हणायचंय ते विचारावं. रोग जायला हवा. ती आणि तिची माणसं म्हणजे रोग नव्हे.