बिनपुष्पिकेचे वाङ्मय

मराठी घरांत आज रोज वाचले जाणारे गद्य कोणते, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर ग्रंथालयाच्या नोंदवहीत सापडावयाचे नाही. ते हातातील फोनमध्ये आहे. सकाळच्या चहाबरोबर व्हॉट्सॲपवर येणारे सुविचार, कविता, घरगुती औषधे आणि इतिहासाच्या कथा यांस जो वाचकवर्ग लाभतो, त्याचा कोणत्याही मासिकास हेवा वाटावा. जे इतके वाचले जाते त्याकडे टीकाकाराने नाक मुरडून पाठ फिरवावी, हे आम्हांस उचित वाटत नाही. म्हणून या पुढे धाडलेल्या वाङ्मयाचा गुणदोषविचार येथे करावयाचे योजिले आहे.

प्रथम गुण सांगणे न्याय्य होय. यवतमाळ येथे जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनास बोलाविलेल्या इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐन वेळी मागे घेण्यात आले. तथापि त्यांचे न झालेले भाषण वृत्तपत्रांनी छापले, ते मराठीत उतरले आणि फोनाफोनांवरून घरोघर पोहोचले. याच यवतमाळात १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले, तेव्हा मंडपाबाहेरच्या वाचकास भाषणाचा पाठ हाती येण्यासाठी छापखान्याचीच वाट पाहावी लागे. आता व्यासपीठ नाकारले तरी शब्द अडत नाही. हा लाभ लहान नव्हे.

परंतु त्या भाषणाचे वजन कशात होते, हेही पाहिले पाहिजे. वक्तीचे नाव, प्रसंग व दिनांक ही तिन्ही सर्वांस ठाऊक होती. ज्यास शंका येईल त्याने फोनवरील मजकूर छापील मजकुराशी ताडून पाहावा, अशी सोय होती. नित्य येणाऱ्या मजकुरात नेमकी हीच सोय नसते. पु. ल. देशपांडे, कुसुमाग्रज, व. पु. काळे यांनी कधीही न लिहिलेल्या ओळी त्यांच्या नावावर फिरतात. उलटपक्षी, एखाद्या नवख्या कवीची कविता दहा हातांतून जाताना त्याचे नाव गमावून बसते व शेवटी ‘व्हॉट्सॲपवरून साभार’ अशी अक्षरे तेवढी उरतात. पत्र लिहिणारास विसरून पोस्टमनचे आभार मानण्यापैकीच हा प्रकार होय.

आमची जुनी चाल अशी नव्हती. यवतमाळच्या शारदाश्रमाच्या द्वारे डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभावीय वाङ्मयाच्या संशोधनात आयुष्य वेचले. अशा पोथ्यांचा काळ व कर्ता ठरविताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम शेवटच्या पानावर जाते. तेथे पुष्पिका असते. ग्रंथ कोणाचा, नक्कल कोणी केली, कोणत्या गावी, कोणत्या शकात, हे ती सांगते. पुष्कळदा लेखनिक तेथे विनवितो की, समोर होते तसे उतरविले, चुकीचा दोष मजकडे नसावा. ‘आले तसे पाठविले’ ही आजची सबबही तीच. भेद इतकाच की, लेखनिक त्या विनवणीखाली आपले नाव घालीत असे; आम्ही घालीत नाही.

यावर कोणी म्हणेल, जात्यावरच्या ओव्यांस तरी कर्त्रीचे नाव कोठे आहे? विचार चांगला असला म्हणजे झाले. हा आक्षेप वरवर सबळ दिसतो. परंतु ओवी कोणी दुसऱ्याच्या नावावर खपविली नाही, आणि ती गाणारी आई किंवा आजी ऐकणाराच्या समोर बसलेली होती. शिवाय हस्तांतराने पाठ बिघडतो, हे आमच्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते. म्हणूनच एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ज्ञानेश्वरीस जर शोधनाची गरज भासली, तर सकाळच्या सुविचारास ती नाही असे कसे म्हणावे?

प्रश्न केवळ वाङ्मयीन शिष्टाचाराचा असता तर आम्ही इतके लिहिले नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या फोनवरून पसरलेल्या अफवेपायी, पाच निरपराध भटक्या माणसांस जमावाने ठार केले. त्या अफवेसही कर्ता नव्हता. पुढे धाडणारे तेवढे होते. त्याच महिन्यात कंपनीने अशा मजकुरावर ‘फॉरवर्ड केलेले’ ही खूण घातली आणि भारतात एका वेळी पाचांपलीकडे तो धाडता येऊ नये अशी मर्यादा आणली. यंत्राने आपल्यापुरती पुष्पिका जोडली. माणसाची अद्याप यावयाची आहे.

ती कशी जोडावी, याविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मजकुरावर दुहेरी बाण दिसला तर तो पुष्कळ हातांतून आला आहे असे समजून दुप्पट सावध असावे. ओळीच्या कर्त्याविषयी संशय आल्यास ती ओळ दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावी. एकच ओळ तीन लेखकांच्या नावे निघाली तर तिन्ही नावे संशयास्पद मानावीत. छायाचित्र आल्यास त्याचाही असाच शोध घ्यावा. कालच्या म्हणून आलेल्या घटनेचे चित्र बहुधा जुने व परमुलखातले निघते. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाचा लेख वाचताना तळचे संदर्भ आणि लेखाचा ‘इतिहास’ पाहावा; कोणी केव्हा काय बदलले ते तेथे नोंदलेले असते. मराठी विश्वकोशही आता महाजालावर आहे. पडताळा घेण्यास तो हाताशी असावा.

औषध व फवारणी यांबाबत मात्र याहून कडक नियम हवा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या जिल्ह्याने हे पाहिले, तेथे मात्रा सांगणारा निनावी मजकूर पुढे धाडणे ही करमणूक नव्हे. डब्यावरील सूचना वाचावी, कृषी विज्ञान केंद्रास विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत बोट आवरावे.

शेवटी, स्वतः काही पाठविताना कर्त्याचे नाव, ग्रंथ व वर्ष लिहावे; नाव ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे व आपल्याकडे कोणाकडून आले ते सांगावे. यास अर्धा मिनिट लागतो. दिव्याच्या उजेडात बोरूने शेकडो पाने उतरविणाऱ्या लेखनिकास पुष्पिकेचा कंटाळा आला नाही. एका बोटाने काम भागणाऱ्या आम्हांस तो यावा, हे शोभत नाही.