रीगाच्या वाइराबाई आणि आपण

आपल्या मंडळाच्या पॉटलकमध्ये दोन विषय हटकून निघतात. एक म्हणजे "कधीतरी कायमचं परत जायचंच" आणि दुसरा मुलांच्या मराठीचा. हे दोन्ही विषय ज्यांनी शेवटास नेले अशा एक बाई आपल्या मॉन्ट्रियलमध्येच तीसेक वर्षे शिकवत होत्या, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असेल. त्यांचे नाव वाइरा वीके-फ्रेइबेर्गा. १९९९ ते २००७ अशी आठ वर्षे त्या लाटवियाच्या राष्ट्राध्यक्ष होत्या.

जन्म रीगाचा, १९३७ चा. सोव्हिएत फौजा परत येताहेत म्हटल्यावर सात वर्षांच्या वाइराला घेऊन घरच्यांनी देश सोडला. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत तान्ही बहीण दगावली. पुढे मोरोक्को आणि १९५४ मध्ये कॅनडा. टोरोंटोत बँकेत नोकरी करत त्या शिकल्या, १९६५ मध्ये मॅकगिलमधून डॉक्टरेट मिळवली आणि मॉन्ट्रियल विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. इथपर्यंतची कहाणी तुमच्या-आमच्या शेजारची वाटावी अशीच आहे.

वेगळेपण पुढे आहे. लाटवियन लोकांची 'दाइना' नावाची लोकगीते आहेत. बहुतेक चार ओळींची, आणि बायकांनीच जपलेली. थेट आपल्या जात्यावरच्या ओव्यांची बहीण! क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ या काळात अशी दोन लाखांहून अधिक गीते छापली. वाइराबाईंनी आणि संगणकतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या यजमानांनी त्यातली सूर्यगीते मॉन्ट्रियलमध्ये बसून संगणकावर चढवली, त्यांचा अभ्यास केला. आपल्याकडे पुण्याच्या परिसरात हेमा राइरकर आणि गी पॉइतवॅं यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या कामाची इथे आठवण होते. मातृभाषेचे प्रेम म्हणजे नुसते उसासे टाकणे नव्हे, हे बाईंनी करून दाखवले.

१९९८ मध्ये त्या कायमच्या परतल्या. पुढच्याच वर्षी, पक्षांचे एकमत होईना म्हणून, कोणत्याही पक्षात नसलेल्या या बाईंना संसदेने राष्ट्राध्यक्ष निवडले. त्यासाठी त्यांनी कॅनडाचे नागरिकत्व सोडले. २००४ मध्ये लाटविया 'नाटो'त आणि युरोपीय संघात गेला. २००५ च्या मॉस्कोतील विजयदिन समारंभावर एस्टोनिया आणि लिथुआनियाच्या अध्यक्षांनी बहिष्कार टाकला. बाई मात्र गेल्या आणि १९४५ साली आमच्या वाट्याला मुक्ती नव्हे, पुन्हा पारतंत्र्य आले, हे जगाला बजावूनच गेल्या. यजमानाच्या घरी जायचे आणि खरेही बोलायचे, याला हिंमत लागते.

पण एवढ्यावर थांबलो तर तो सत्काराचा लेख होईल. बाईंची खरी परीक्षा घरातच होती. १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर लाटवियाने १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांनाच आपोआप नागरिकत्व दिले. सोव्हिएत काळात येऊन वसलेल्या, मुख्यतः रशियन बोलणाऱ्या कुटुंबांना ते नव्हते. त्यांच्यापुढे लाटवियन भाषेची परीक्षा. बाई अध्यक्ष झाल्या तेव्हा सुमारे २४ लाखांच्या देशात पाच लाखांहून अधिक माणसे 'अनागरिक' होती, त्यांना मत नव्हते. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे बाहेर काढलेल्या बाई देशाच्या अध्यक्ष होऊ शकल्या. पण रीगातच जन्मलेल्या एखाद्या गिरणी कामगाराच्या मुलीला नगरपालिकेतही मत नव्हते.

लाटवियन लोकांची भीती खोटी नव्हती. १९४१ आणि १९४९ मध्ये त्यांची हजारो माणसे सैबेरियात धाडली गेली आणि १९८९ पर्यंत स्वतःच्याच देशात ते जेमतेम निम्मे उरले. बाईंनीही सारासार विचार सोडला नाही. अध्यक्ष होताच कडक भाषा कायदा त्यांनी फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवला, तो पुढे सौम्य झाला. तरीही अनागरिकांचा मूळ प्रश्न त्यांच्या आठ वर्षांत सुटला नाही. त्यांनी भाषा शिकावी, हाच बाईंचा सूर राहिला. अनागरिकांच्या नवजात मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागले ते थेट २०२० पासून. ज्या कॅनडाने आजोबा कुठले हे न विचारता बाईंना आपले म्हटले, त्या कॅनडाचा हा धडा त्यांनी आणखी थोडा सोबत न्यायला हवा होता, असे मला वाटते.

असे म्हणताना मला माझाच दिवाणखाना आठवतो. क्युबेकच्या १९७७ च्या भाषा कायद्याला, दुकानांवरच्या फ्रेंच पाट्यांना आम्ही नाके मुरडतो आणि त्याच बैठकीत मुंबईतल्या दुकानांवर मराठी पाट्या हव्यातच म्हणून टेबलावर मूठ आपटतो. मीही आपटली आहे! भाषा टिकावी ही इच्छा दोन्हीकडे सारखीच रास्त आहे. फरक एवढाच की एका ठिकाणी आपण आलेले आहोत आणि दुसऱ्या ठिकाणी घरचे.

बाईंनी दाइना शिकाव्यात म्हणून कोणावर सक्ती केली नाही, त्या स्वतः गोळा करून मांडल्या. माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ काम तेच आहे. यंदाच्या गणेशोत्सवात मुलांकडून इतर पाठांतराबरोबर आजीला येणाऱ्या चार ओव्याही ध्वनिमुद्रित करून घेऊ या का? आणि त्यांच्या गुजराती, तमिळ, युक्रेनियन मित्रांनाही ऐकायला बोलावू या.